मास्तरांच्या गाण्यातला ‘ना’

मास्तरीणबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना साधं बटण लावता येत नव्हतं, आणि नवरा निघाला शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी एक शर्ट त्यांच्या मांडीवर टाकला आणि म्हणाले, "काज-बटण तुझं. बाकीचा माणूस मी शिवतो." तेव्हापासून काज, बटण, तुरपाई हे सगळं त्यांच्याकडे आलं आणि त्यांचं नाव मात्र गेलं. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून ह्या मास्तरीणबाई. माहेरची माणसंसुद्धा पुढे तेच म्हणू लागली.

मास्तरांचा हात म्हणजे हात होता. कापड बेतताना खडूची रेघ ते एकदाच मारत, पुसून पुन्हा मारायचं काम नाही. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप यांच्या डोळ्यांनी घेऊन झालेलं असे. टेप लावायची ती आपली गिऱ्हाइकाचं समाधान म्हणून. आणि तोंडाने सतत गाणं. दुसऱ्या कुणाचं नव्हे, स्वतःच जुळवलेलं, पायडलच्या तालावर. समोरच्या सायकलवाल्याच्या पंक्चरवर त्यांचं गाणं होतं, पोट आत ओढून कमरेचं माप देणाऱ्या गिऱ्हाइकांवर होतं, आणि हरवलेल्या सुईवर तर तीन कडव्यांचं होतं.

आणि मास्तर पीत असत.

एवढं साधं वाक्य, पण मास्तरीणबाईंच्या तोंडून ते कित्येक वर्षं निघालं नाही. त्या म्हणत, "त्यांचं ते." "आज त्यांचं ते जरा जास्त झालं." कधी "तब्येत बरी नाही" म्हणत, कधी "थकलेत" म्हणत. पूर्वी ‘त्यांचं ते’ दुकान बंद झाल्यावर असे. मग दुकान बंद व्हायच्या आधी सुरू झालं. मग दुकान उघडायच्या आधी. मशीनशेजारी चिंध्यांचं गाठोडं असायचं, त्याच्यामागे बाटली असायची. झाडताना मास्तरीणबाई गाठोड्याभोवतीने झाडू फिरवत आणि गाठोडं हलवत नसत.

मास्तरांना कुणी विचारलंच तर ते कानांवर हात ठेवत. "मी? मी कधीच सोडली!" आणि हे म्हणताना चेहरा असा की विचारणाऱ्यालाच वाटावं, आपण उगाच संशय घेतला.

एकुलती एक लेक हॉस्पिटलात नर्स होती. तिला घरातलं हे ‘त्यांचं ते’ प्रकरण मुळीच चालत नसे. बापाचे पाय सुजलेले तिने पाहिले, डोळ्यांतला पिवळेपणा पाहिला, घरीच रक्त काढून तपासायला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर स्वतः ओढून त्यांना तिथल्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. मास्तरीणबाई मागे मागे, देवाचं नाव घेत.

डॉक्टरबाई मोजकं बोलणाऱ्या. रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "रोज किती घेता?"

"मी कधीच सोडली, डॉक्टरबाई."

"रिपोर्ट तसं म्हणत नाही."

"रिपोर्ट जुना असेल."

"कालचा आहे." त्या मास्तरीणबाईंकडे वळल्या. "तुम्ही सांगा. घेतात?"

मास्तर मान वळवून बायकोकडे बघत होते. लेक बघत होती. मास्तरीणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाल्या, "नाही हो. म्हणजे... फार थकले तर, कधीतरी."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, मी त्यांना दाखल करून घेईन. पण ते स्वतःच्या तोंडाने म्हणतील तेव्हाच. त्याशिवाय आणलेला माणूस दुसऱ्या दिवशी पळून जातो, हा माझा अनुभव आहे. फक्त फार वाट बघू नका. यांचं लिव्हर तुमच्यासाठी थांबणार नाही."

बाहेर आल्यावर मास्तर मोठी लढाई जिंकल्यासारखे पुढे चालू लागले. लेक आईजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, ते खोटं बोलतात हे मला माहीत होतं. पण तूसुद्धा?"

मास्तरीणबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. उत्तर एकच होतं, पण ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. ते उत्तर म्हणजे एक गाणं होतं.

बरीच वर्षं मास्तर ते गाणं दुकानात म्हणत आले होते. वरच्या खोलीत मास्तरीणबाईंना भाजी चिरताना, देवापुढे बसताना जिन्यातून त्याचे शब्द ऐकू येत:

*वाट तिची मी मोडली ना,*
*गाठ तिची मी तोडली ना,*
*विचारता काय पुन्हा पुन्हा,*
*मी कधीच सोडली ना!*

आणि दुसरं कडवं:

*घरात तिला जागा दिली ना,*
*मनात तिला जागा दिली ना,*
*शपथ कशाला घालता आता,*
*मी कधीच सोडली ना!*

मशीन चालू असलं की चाल नीट कळत नसे, शब्द तेवढे कळत. मास्तरीणबाईंनी त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. ‘ती’ म्हणजे भक्ती. भक्तीची वाट मी मोडली नाही, तिच्याशी बांधलेली गाठ तोडली नाही, तिला घरात जागा दिली, मनात जागा दिली, तिला मी कधीही सोडलं नाही. माणूस देवापुढे हात जोडत नाही, प्रार्थनेला येत नाही, पण आत बघा काय आहे! त्या गाण्याच्या जोरावर त्यांनी पुष्कळ संध्याकाळी काढल्या. मास्तर जिन्याचा कठडा धरून वर येत तेव्हा त्या मनात म्हणत, असू दे, आतला माणूस तो नव्हे. आतला माणूस गाण्यात आहे.

हॉस्पिटलातून आल्यावर मात्र त्या गाण्याने नेहमीसारखा धीर येईना. म्हणून प्रार्थनेच्या दिवशी त्यांनी ते मंडळातल्या बायकांना म्हणून दाखवलं. पाठबळ हवं होतं, दुसरं काय.

गल्लीच्या टोकाच्या हॉलमध्ये दर आठवड्याला दुपारी बायका जमत. पुढे बसायच्या त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आणि मागे बसून सगळ्यांना हसवायच्या त्या दूधवाल्या काकू. काकूंचा आवाज असा की दुधाच्या केंद्रावरून हाक मारली तर दोन गल्ल्या उठून बसाव्यात.

"कुणी केलंय हे?" बाईंनी विचारलं.

"आमच्यांनी."

"मास्तरांनी? आपल्या मास्तरांनी?" काकू म्हणाल्या. "अगं बाई, आणि मी समजत होते त्यांना फक्त पँटची उंची कळते!"

बाईंनी कडवी पुन्हा म्हणायला लावली आणि शाळेत शिकवावं तसं समजावलं. "हा ‘ना’ लक्षात घ्या. जुन्या कवितेत ‘कळेना’, ‘वळेना’ म्हणतात, तसा. सोडली ना, म्हणजे सोडली नाही. भक्ताने देवाला दिलेला शब्द आहे हा." त्यांनी चालही बांधून दिली, संथ, शेवटचा ‘ना’ लांब सोडायचा. बायकांना गाणं आवडलं. त्या दिवशी मास्तरीणबाई ताठ मानेने घरी आल्या.

ती मान दोन-चार दिवसच टिकली. मास्तरांनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या. शिकाऊ पोराकडूनही होऊ नये अशी चूक. कापड उरलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं तेव्हा मास्तर म्हणाले, कापडच सरळ नव्हतं, आणि मास्तरीणबाई पाठोपाठ म्हणाल्या, "हो ना, हल्ली कापडं तशीच येतात." गिऱ्हाईक जुनं होतं. दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ते निघून गेलं. त्या संध्याकाळी मास्तरीणबाई देवापुढे बसल्या, पण मागावं काय हेच सुचेना. हे बरे होऊ देत म्हणावं, तर आजारी आहेत हे तरी आपण कधी म्हटलंय?

मग हॉलला नवे पडदे शिवायचं निघालं. बाईंनीच मास्तरांना निरोप पाठवला, येऊन खिडक्यांची मापं घेऊन जा. मास्तर नेमके प्रार्थनेच्या दुपारी गेले. त्यांना ना वार ठाऊक ना वेळ. बायका आधीच बसल्या होत्या. मास्तर "चालू द्या, चालू द्या" म्हणत खिडकीशी स्टुलावर चढले आणि टेप सोडली.

काकूंनी बाईंना कोपराने ढोसलं. "म्हणूया का? खुद्द कवी आलेत."

मास्तरीणबाई लाजून "नको हो" म्हणाल्या, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

*वाट तिची मी मोडली ना...*

मास्तरांनी चमकून मागे पाहिलं. आधी त्यांच्या चेहऱ्यावर रागच आला. त्यांना वाटलं, ह्या सगळ्या मिळून आपली टिंगल करताहेत. पण बायकांचे डोळे मिटलेले होते. कुणी हसत नव्हतं. सगळा हॉल त्यांचंच गाणं इतकं हळू म्हणत होता की प्रत्येक शब्द सुटा सुटा ऐकू येत होता. शेवटची ओळ आली आणि तो ‘ना’ लांबत लांबत गेला. *मी कधीच सोडली नाऽऽ.*

टेप हातातून सुटून खाली पडली.

"आवडलं का, मास्तर?" काकूंनी टेप उचलून दिली. "आमच्या बाईंची चाल आहे. पण शब्द काय घातलेत हो! सोडली ना, सोडली नाही म्हणजे नाही!"

"सोडली नाही?" मास्तर म्हणाले.

"मग काय, सोडली? भक्ती सोडली असं गाणं कोण करील!"

"भक्ती," मास्तर म्हणाले, आणि स्टुलावरून उतरून त्याच स्टुलावर बसले. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

तेवढं पुरलं. मास्तरीणबाईंना कुणी काही सांगायची गरज उरली नाही. सायकलवाला रोज समोरून ओरडायचा, "काय मास्तर, सोडली का?" आणि त्यानंतरच मशीन सुरू व्हायचं, गाणं सुरू व्हायचं. हे त्या इतकी वर्षं ऐकत होत्या. त्यांना दोन्ही आवाज येत होते. त्यांनी फक्त एकच ऐकायचं ठरवलं होतं.

मापं तशीच राहिली. दोघं घरी निघाले. रस्त्यात ऊन होतं, दुकानं अर्धी बंद.

"तुला खरंच ते देवाचं वाटलं?" मास्तरांनी विचारलं.

"हो."

"इतकी वर्षं?"

"मग कशाचं वाटायला हवं होतं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण त्या थांबल्या. "सांगा ना. कशाचं आहे?"

मास्तर भिंतीच्या सावलीत उभे राहिले. "बाटलीचं आहे गं. त्या सायकलवाल्याचं तोंड बंद करायला केलं होतं. तो विचारायचा, सोडली का, मी म्हणायचो, सोडली ना बाबा, कधीच सोडली ना! आपण म्हणतो ना, जेवलो ना, आलो ना, तसा ‘ना’. आणि खाली म्हटलं, घरात जागा दिली ना, म्हणजे दिली नाही." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "तुम्ही बायकांनी सगळंच उलटं करून ठेवलंत."

"चूक झाली आमची."

"चूक नाही झाली." मास्तरांनी कपाळ पुसलं. "मी इतकी वर्षं ते म्हणतोय, पण ऐकलं आज पहिल्यांदा. त्या म्हणतात तेच बरोबर आहे. वाट मोडलेली नाही. घरात जागा दिलीय, त्या गाठोड्यामागे. मी कधीच सोडलेली नाही."

मास्तरीणबाई रडल्या नाहीत, आनंदाने ओरडल्याही नाहीत. त्यांना फक्त वाटलं की आता एक शब्दही जास्त बोलायचा नाही, नाहीतर हे उडून जाईल. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मास्तरांची बाजू सावरून घेतली नाही. नाही हो, इतकं काही नाही, असं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गाठोडं मला माहीत आहे. मी बाजूने झाडते."

"माहीत आहे मला, तू बाजूने झाडतेस," मास्तर म्हणाले.

घरी न जाता दोघं तसेच हॉस्पिटलच्या रस्त्याला लागले. लेक वॉर्डातून धावत आली, काय झालं, पडले का कुठे? "पडलो," मास्तर म्हणाले, "तुझ्या डॉक्टरबाईंना बोलव."

डॉक्टरबाईंनी तोच प्रश्न विचारला. मास्तरांनी मान खाली घातली आणि सरळ सांगितलं, गाणं नाही, गंमत नाही. "रोज घेतो. सकाळी पण. सोडायची म्हणतो आणि सुटत नाही." मग डॉक्टरबाईंनी पुन्हा मास्तरीणबाईंकडे पाहिलं, आणि त्या म्हणाल्या, "खरं आहे. मीच पांघरूण घालत आले." लेकीने आईचा हात घट्ट धरला. तिच्या हाताला औषधांचा वास येत होता.

पुढचे दिवस सोपे नव्हते. मास्तर घामाने भिजत, थरथरत, नसलेले कपडे हवेत बेतत. एकदा बायकोला वाटेल ते बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं नाही आणि मास्तरीणबाईंनी आठवण करून दिली नाही. खाटेशेजारच्या खुर्चीत बसून त्या काजं करत राहिल्या, कारण हात रिकामे राहिले की मन भटके. पण ज्याबद्दल त्या आजही हात जोडतात ते निराळंच आहे. त्यांना वाटलं होतं, खरं बाहेर पडलं की लोक तोंड फिरवतील. काकू रोज दूध घेऊन आल्या आणि खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "मास्तर, मी तुम्हाला संत करून ठेवलं होतं, तुम्ही माझं नाक कापलंत!" मास्तर त्या आजारात पहिल्यांदा हसले. सायकलवाल्याने दुकानाची किल्ली मागून घेतली आणि चिंध्यांचं गाठोडं मागच्या बाटलीसकट उचलून बाहेर नेलं. पुन्हा कधी ‘सोडली का’ असं ओरडला नाही. पडद्यांचं कापड तसंच पडलं होतं, तर मंडळातल्या एकेका बाईने एकेक पडदा घरी नेऊन शिवला.

घरी आल्यावर मास्तर हळूहळू चालत हॉलमध्ये गेले आणि पडद्याची कड उलटून बघितली. "ही तुरपाई आहे की सशाच्या उड्या?"

"उसवून पुन्हा करता का मग?" बाई जरा फुगूनच म्हणाल्या.

"हात नाही लावणार," मास्तर म्हणाले. "राहू देत अशाच."

आणि गाण्याचं काय करायचं, हे काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं. आता ते म्हणावं की नाही? बाईंना तर अर्थ सांगितल्याचाच संकोच वाटू लागला होता. मास्तर म्हणाले, "म्हणा की. तुमची ‘ती’ तुमच्याकडे, माझी ‘ती’ माझ्याकडे. तुम्ही लावलेला अर्थ चुकीचा नव्हता, बाई. माणूस चुकीचा होता." दुकानात मात्र ते गाणं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

कोटवालं गिऱ्हाईक परत आलं. दोन महिने काम बेताचंच होतं, मग वाढलं. मास्तरांचा हात पूर्वीसारखा झाला असं म्हणता येणार नाही. खडूची रेघ आता ते दोनदा मारतात, पहिली पुसून. मध्ये एकदा पायही घसरला. पण त्या वेळी त्यांनी स्वतःच लेकीला फोन केला, आणि तिने ओरडण्याआधी ऐकून घेतलं.

परवाची गोष्ट. दुपार टळली होती. मास्तरीणबाई वर डाळ निवडत होत्या. खाली मशीन चालता चालता मध्येच थांबलं. पूर्वी मशीन असं थांबलं की त्यांचा श्वास थांबत असे. पुढे काय होणार हे ठाऊक असे, आणि ते ठाऊक नाही असं दाखवायचं असे. ह्या वेळी जिन्यातून हाक आली.

"अगं, जरा खाली ये. आज फार घ्यावीशी वाटतेय."

त्या डाळीचं ताट तसंच ठेवून उतरल्या. मास्तर मशीनवर दोन्ही हात दाबून बसले होते. त्या गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या.

"काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नको. बस. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. देवाचं सोडून." ते म्हणाले, आणि दोघांनाही हसू आलं.

मग त्या बोलल्या. काकूंच्या केंद्रावरची मांजर दुधाच्या पिशव्या सोडून दह्याच्याच कशा फोडते, ते सांगितलं. लेकीच्या वॉर्डातल्या आजोबांनी नर्सलाच औषध घ्यायला कसं लावलं, ते सांगितलं. मास्तर ऐकत होते, कधी "मग?" म्हणत होते. बाहेर सायकलवाला चाकात हवा भरत होता. बऱ्याच वेळाने मास्तरांच्या खांद्यांचा ताण उतरला आणि त्यांनी पुन्हा कापड सुईखाली सरकवलं.

"जा तू, डाळ राहिली असेल."

"जाते."

त्या लगेच उठल्या नाहीत. तिथेच बाकावर बसून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. मागायचं काहीच नव्हतं. जिन्यातून त्यांना हाक आली होती, तेवढ्याबद्दल.